पालथा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच — आणि संधी मिळाली नाही असंही नाही. इथे सिंगापुरात, तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या त्या मोठ्या शेडखाली, आम्ही कितीदा समोरासमोर बसलो. मध्ये कॉफीचे दोन कप, टेबल पुसणारी बाई फडकं फिरवून जायची, आणि मी दर वेळी मनात म्हणायचो, आज सांगतो. कप रिकामे व्हायचे. मी उठायचो. तो माणूस आता नाही.

सरळ मुद्द्यावर यायचं, असं ठरवूनच लिहायला बसलो होतो. पण मन आधी तिकडेच धावतं — त्या ट्रॅककडे, एरंडेलाच्या वासाकडे. लहानपणी आई नाक दाबून पाजायची तेच एरंडेल. शर्यतीच्या मोटरसायकलींच्या इंजिनात ते तेल घालत, आणि ते तापून जळायला लागलं की एक गोडसर, जड वास सगळीकडे पसरायचा. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. एका बँकेत अकाउंट्सचं काम, वुडलँड्सला भाड्याचा फ्लॅट, आणि कशाचंही वेड नाही. ज्याला कशाचं वेड नाही असा माणूस निदान कुणाचं वाटोळं करत नाही, असं आता वाटतं. पण ते जाऊ द्या.

मला तिथे आण्णांनी नेलं. आनंदराव घोरपडे, कोल्हापूरचे. तरुणपणी फिटर म्हणून इथल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात आले आणि इथलेच झाले. बायको गेल्यावर तोआ पायोहला मुलीकडे, सुनंदाकडे, राहायचे. सार्सची साथ ओसरली त्या वर्षीच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत ते माझ्या पुढे उभे होते. त्यांनी विचारलं, रविवारी काय करता? मी म्हटलं, काही नाही. मागे वळून मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, “काहीच न्हाई? माणूस हायसा का फाईल?”

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर कॉजवे, म्हणजे मलेशियात नेणारा समुद्रावरचा रस्ता, ओलांडत होतो.

ट्रॅक मलेशियातल्या जोहोरमध्ये होता. कॉजवेपलीकडे क्लबच्या व्हॅनने पाऊण तास, पाम तेलाच्या मळ्याच्या कडेला. क्लब म्हणजे तरी काय — तीस-चाळीस माणसं, बहुतेक सिंगापूरची. सिंगापुरात एवढी मोकळी जमीन आणि एवढ्या आवाजाची परवानगी कोण देणार? लाल मातीचा अंड्याच्या आकाराचा ट्रॅक, भोवती लाकडी फळ्यांचं कुंपण, मधोमध गवत. एका वेळी चार गाड्या, चार फेऱ्या. मिनिटभरात खेळ खलास. गाडीला गिअर एकच, आणि ब्रेक नाहीत — मी घाबरून विचारलं तर आण्णा म्हणाले, “ब्रेक कशाला पायजे? थांबायचं आसल त्यानं घरात बसावं.” वळणावर गाडी जवळजवळ आडवी व्हायची, मागचं चाक बाहेर फेकलं जायचं, आणि स्वार डावा पाय मातीवर घासत न्यायचा. त्या बुटाला पोलादाचा तळ असे. माती उडून तोंडात यायची. घरी गेल्यावर माझी मुलगी नाक मुरडायची, “Papa, so dirty lah,” आणि बायको मला बाथरूमच्या दारातच थांबवायची.

मी सुखी होतो. हे लिहायला संकोच वाटतो, पण होतो. माझ्याकडे शर्यतींचं छापील कार्ड असायचं. प्रत्येक शर्यतीचा निकाल मी पेनाने भरायचो, आणि ती सगळी कार्डं एका फायलीत लावून ठेवायचो. (आण्णा म्हणायचे, अखेर फाईल ती फाईलच.) आणि माझा एक स्वार होता. प्रत्येकाचा एक असतोच. माझा आह सेंग — तोआ पायोहचा गॅरेजवाला, वय चाळिशीच्या आसपास, पोट थोडं सुटलेलं. गाडी अशी चालवायचा की बघत राहावं, पण सुरुवात वाईट. समोरची फीत वर उडाली की बाकीचे तिघं निघून जायचे आणि हा मागे. मग चार फेऱ्यांत एकाला गाठ, दुसऱ्याला गाठ. तिसरा यायचा, दुसरा यायचा. पहिला कधीच नाही. चार वर्षांची कार्डं आहेत माझ्याकडे. पहिला कधीच नाही.

दुसऱ्या वर्षापासून मी नुसता प्रेक्षक राहिलो नाही. क्लबला वळणांवर उभी राहणारी माणसं लागत, आणि आण्णांनी मला एक पांढरा हातमोजा दिला.

ही पद्धत नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यात आहे. शर्यत थांबवणारा लाल झेंडा एकच असे, आणि तो आण्णांकडे. मधल्या गवतावर तेलाचा एक रिकामा ड्रम पालथा घातलेला. आण्णा त्यावर उभे राहायचे, सगळीकडे नजर ठेवून. पण धुळीत लांबचं सगळं दिसत नाही. म्हणून चार वळणांवर चार माणसं, प्रत्येकाच्या उजव्या हातात पांढरा मोजा. कुणी पडला की आण्णा त्या वळणावरच्या माणसाकडे बघत. हात सरळ वर — थांबवा. हात आडवा, तळवा जमिनीकडे, पालथा — चालू द्या, उठतोय तो. पडलेल्याने झटकन उठायचं आणि गाडी ओढत गवतावर यायचं, असाच रिवाज होता. उगाच शर्यत थांबवलेली कुणालाच आवडायची नाही. कारण शर्यत थांबली की ती धरली जात नसे. चौघांनी परत फितीपाशी यायचं, पुन्हा पहिल्यापासून. फक्त शेवटच्या फेरीत थांबली तरच जो पुढे असेल तो जिंकला.

वर हात किंवा पालथा हात. एवढंच माझं काम होतं.

आणखी एक गोष्ट आधी सांगतो. कॉजवेवर मलेशियात शिरताना एक पांढरं कार्ड भरावं लागे — नाव, पासपोर्ट नंबर, पत्ता. एका रविवारी बसमध्ये आण्णांनी आपलं कार्ड माझ्याकडे सरकवलं. भर म्हणाले. मी सहज विचारलं, चष्मा विसरलात? ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “डाव्या डोळ्यात धुकं उतरलंय, पुणेकर. उजवा बेस हाय. पर कुणाला बोलू नगंस. ड्रमावरनं खाली उतरवत्याल मला.”

मी म्हटलं, नाही बोलणार. तेव्हापासून त्यांचं कार्ड मीच भरत असे. सुनंदालाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

आता त्या दिवसाकडे येतो. आणखी फिरायला जागा उरलेली नाही.

हंगामाची शेवटची शर्यत. बरेच दिवस पाऊस नव्हता, आणि माती भिजवणाऱ्या टँकरचा पंप सकाळीच बंद पडलेला, म्हणून धूळ होती. मी दुसऱ्या वळणावर. फितीपाशी चौघं: आह सेंग, फैझल, आणि जोहोरचे दोघं. फैझल इथलाच, चोआ चू कांगचा. तिशीचा, दिवसभर मोटरसायकलवरून ऑफिसांची पाकिटं पोचवायचा, आणि रविवारी पुन्हा मोटरसायकलच. मला बघितलं की “हेलो बॉस” म्हणायचा. मी त्याचा बॉस नव्हतो, कुणाचाच नव्हतो, पण मला ते आवडायचं.

फीत उडाली. आणि आह सेंग पहिला सुटला.

चार वर्षांत पहिल्यांदा. कसं जमलं देव जाणे. माझ्यासमोरून तो गेला तेव्हा त्याच्या पुढे कुणी नव्हतं, नुसती माती. दुसऱ्या फेरीतही तोच. माझ्या तोंडातून आवाज निघत होता — काय म्हणत होतो आठवत नाही. तिसऱ्या फेरीत तो गेला, मागोमाग जोहोरचे दोघं गेले, आणि शेवटी फैझल आला. तो माझ्यासमोर पडला. पुढचं चाक घसरलं, गाडी लोळली आणि त्याच्या पायावर येऊन थांबली.

माझ्यापासून तो किती लांब होता? एखादी मोठी खोली असते ना, तिच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मला सगळं दिसत होतं. त्याने गाडी ढकलली. हलली नाही. त्याने पाय ओढून पाहिला. मग हेल्मेटमधलं तोंड माझ्याकडे वळवलं आणि एक हात जमिनीवर आपटला — दोनदा. तो उठणार नव्हता. मला वाटलं तो उठेल, असं मी स्वतःला फार दिवस सांगितलं. नाही. मला कळलं होतं.

मी ड्रमकडे पाहिलं. आण्णा माझ्याकडेच बघत होते. त्यांचा लाल झेंडा अर्धा वर आलेला होता — अर्धा. ते फक्त माझ्या हाताची वाट बघत होते.

शर्यत थांबली असती तर चौघं परत फितीपाशी. आह सेंगला तशी सुरुवात पुन्हा मिळाली नसती. त्याच्या आयुष्यात ती एकदाच होती. हा विचार मी केला. विचार करायला वेळ होता, म्हणून केला. आणि हात आडवा धरला. तळवा जमिनीकडे.

आण्णांचा झेंडा खाली गेला.

त्यानंतर पंधरा-सोळा सेकंद गेले असतील. एका फेरीला साधारण तेवढाच वेळ लागायचा. पंधरा सेकंद म्हणजे कमी नव्हे. त्यात हात कितीही वेळा वर करता येतो. मी फैझलकडे पाहिलं नाही. मी पहिल्या वळणाकडे बघत होतो, आह सेंग यायचा तिकडे. तो आला, आतल्या बाजूने, फैझलच्या बरंच अलीकडून निघून गेला. त्याच्यामागे धुळीची भिंत. दुसरा स्वार त्या भिंतीतून बाहेरच्या अंगाने आला.

आवाजाबद्दल मी लिहिणार नाही.

मग मी हात वर केला. दोन्ही हात. उड्या मारत होतो, ओरडत होतो. झेंडा वर गेला, सगळे धावले, आणि त्या गर्दीतल्या प्रत्येकाला पुढे एवढंच आठवत राहिलं, की दुसऱ्या वळणावरचा इंडियन माणूस दोन्ही हात वर करून उभा होता.

ज्याने धडक दिली तो हाडं मोडून निभावला. फैझलचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, डावा. शेवटची फेरी असल्यामुळे निकाल धरला गेला. आह सेंगला कप दिला तर तो त्याने तिथेच टेबलावर ठेवला आणि निघून गेला. नंतर तो गाडीवर बसला नाही. त्या शर्यतीचं कार्ड माझ्या फायलीत आहे. पहिला — आह सेंग. ते मी त्याच संध्याकाळी भरलं. अक्षर नेहमीसारखंच आहे, मी तपासून पाहिलं.

पुढच्या रविवारी तोआ पायोहच्या एका कॉफी शॉपमध्ये क्लबचे तिघं बसले. चौकशी म्हणा. आण्णा माझ्या समोर होते. क्लबचा प्रमुख, एक शांत चिनी गृहस्थ, त्याने मला विचारलं, तू हात कसा केलास? मी म्हटलं, वर. तो म्हणाला, “But uncle say he see your hand down.”

इथे मी गप्प बसू शकलो असतो. मला आठवत नाही, असंही म्हणू शकलो असतो. धूळ होती — तेही चाललं असतं, धुळीने कुणाचंच नाव घेतलं नसतं. मी काय केलं? मी आवाज खाली आणला, एखाद्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसा, आणि इंग्रजीत म्हटलं की अंकलच्या डाव्या डोळ्याने त्यांना नीट दिसत नाही. बऱ्याच दिवसांपासून. त्यांना फॉर्मसुद्धा वाचता येत नाहीत, मी भरून देतो.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर — पण राग नव्हता. ते गोंधळले होते. खिशातून रुमाल काढून त्यांनी डावा डोळा पुसला, मग उजवा डोळा हाताने झाकून डाव्याने माझ्याकडे पाहिलं, टेबलापलीकडून, जणू तपासत होते. मग म्हणाले, “Maybe he is right.” आणि मराठीत, माझ्यासाठी एकट्यासाठी, “पालथाच दिसला रं मला. पर ह्या डोळ्याचं काय सांगावं.”

त्यांना ड्रमावरून उतरवायची वेळच आली नाही. क्लब त्या वर्षातच मोडला, जमीन मळेवाल्याने परत घेतली.

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. मलाही वाटलं होतं की आता आण्णा मला तोंड दाखवणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पण त्यांचाच फोन आला. म्हणाले, तू बरं केलंस बोललास ते, मी लपवायला नको होतं. माफी त्यांनी मागितली! माझी! त्यांची गोष्ट लपवायला लावून मला अडचणीत टाकलं म्हणून.

मग डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर मला भेटायला बोलावलं, त्याच हॉकर सेंटरमध्ये. समोरच्या स्टॉलच्या पाट्या एकेक करून मला वाचून दाखवल्या, लहान मूल वाचतं तशा. “समदं लख्ख दिसतंय, पुणेकर,” म्हणाले. मग बराच वेळ कप फिरवत बसले. “आधीच केलं आसतं तर त्या पोराचा पाय ऱ्हायला आसता.”

मी काय म्हटलं? मी म्हटलं, आण्णा, कॉफी गार होतेय.

दर महिन्याला ते चोआ चू कांगला फैझलकडे जायचे. एकदा मला घेऊन गेले. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं असतात, तिथे फैझल बसला होता, कुबड्या बाजूला टेकवलेल्या. खोटा पाय घातला की दुखतं म्हणाला. मला बघून “हेलो बॉस” म्हणाला. पूर्वीसारखंच. आण्णांनी आणलेला डबा उघडला, आणि फैझल त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “Uncle, don't think so much lah. Old already, eye cannot see, what to do?” आण्णांनी मान हलवली. मी तिथेच होतो. दोघांच्या मध्ये. मी डब्यातली एक चकली घेतली आणि खाल्ली.

अशी दोन वर्षं गेली. तोपर्यंत मी इथला पर्मनंट रेसिडेंट झालो, वुडलँड्स सोडून काँडोमध्ये राहायला गेलो, माणसं मला शांत आणि विश्वासू समजत. आण्णांना काही सांगायचं म्हटलं की मी स्वतःला विचारायचो, आता सांगून काय उपयोग? पाय परत येणार आहे का? हा प्रश्न मला फार सोयीचा होता. पायाचं मी विचारत होतो. डोळ्याचं विचारत नव्हतो.

आणि मग त्यांनीच विचारलं. गेल्या वर्षी. छातीत पाणी झालं होतं, सुनंदाच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी पलंग टाकलेला. दुपार होती, सुनंदा खाली काहीतरी आणायला गेली होती. आण्णा फार हळू बोलत होते.

“एक विचारतो. रागावू नगंस. तू हात वर केला हुतास न्हवं?”

मी पलंगाच्या कडेला बसलो होतो. त्यांचा हात माझ्या हाताखाली होता. त्यांचे दोन्ही डोळे माझ्यावर, दोन्ही स्वच्छ.

मी म्हटलं, “हो आण्णा. वरच केला होता.”

“मग झालं,” म्हणाले. आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

चार दिवसांनी गेले. त्यांना खांदा देणाऱ्यांत मी होतो. सुनंदा रडत मला म्हणाली, दादा, बाबा तुमचं फार नाव घ्यायचे.

फैझल अजून तिथेच राहतो. त्याला मराठी येत नाही, हे मला हे सगळं लिहिताना चांगलं ठाऊक आहे. त्याच्यासाठी एक पान मी इंग्रजीत लिहून ठेवलंय; ते महिनाभर माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. सुनंदा मात्र मराठी वाचते. ती हे वाचेल. तिच्यासाठीच आता सरळ लिहितो, फिरवाफिरव न करता.

सुनंदा, त्या दिवशी माझा हात पालथा होता. तुझ्या बाबांना धुळीतून, एवढ्या लांबून, एका डोळ्याने जे दिसलं, ते बरोबर दिसलं होतं.